तिसरं पेडल

इंदुताईंचा डावा गुडघा हा हैदराबादच्या तारनाक्यातल्या त्यांच्या गल्लीत सार्वजनिक विषय होता. भाजीवाली यादम्मा मेथीची जुडी हातात देण्याआधी गुडघ्याची चौकशी करायची. समोरचे निवृत्त प्राध्यापक फिरायला निघताना लांबूनच हात हलवून "कैसा है?" विचारायचे, तेव्हा तो प्रश्न तब्येतीचा नसून गुडघ्याचा आहे, हे दोघांनाही ठाऊक असायचं. मागच्या वर्षी शेवटी तो गुडघा बदलून झाला. नवा गुडघा चालायला बरा निघाला, पण सासरहून आलेल्या लेकीसारखी त्याची सारखी मर्जी सांभाळावी लागे. मांडी घालायची नाही, जोर द्यायचा नाही, उकिडवं बसायचं तर नावच काढायचं नाही.

"मग डॉक्टर, मला गाडी शिकता येईल का?" इंदुताईंनी विचारलं होतं.

डॉक्टर मनापासून हसले. "ऑटोमॅटिक असली तर खुशाल शिका, अम्मा. तिच्यात डाव्या पायाला कामच नसतं."

डॉक्टर गंमत करत होते. इंदुताई करत नव्हत्या. बासष्टाव्या वर्षी त्यांनी हबसीगुड्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, ऑटोमॅटिक गाडीवर शिकल्या, परीक्षा दिली आणि लायसन घेऊन घरी आल्या. ते लायसन त्यांनी देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलं.

हे सगळं कशासाठी, तर मलकपेठच्या आक्कासाठी. त्रिवेणीआक्का त्यांची थोरली बहीण. रेसकोर्सच्या मागच्या बाजूला मुलाकडे, अनिलकडे राहायची. अनिल वाईट नव्हता, पण कामात बुडालेला. त्यामुळे आक्काचं देवळात जाणं अनिलला वेळ झाला की, डोळे दाखवणं अनिलला वेळ झाला की, आणि बहिणीकडे येणं अनिलला फारच वेळ झाला की. आक्का कधी कुरकुर करायची नाही. फक्त एकदा फोनवर म्हणाली, "इंदे, कुणाला न विचारता कुठंतरी जाऊन यावं वाटायलंय बघ. कुठंबी."

ते 'कुठंबी' ऐकून इंदुताईंना रडूच आलं. त्यांनी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला. "दसऱ्याला गाडी येऊ दे. दसरा झाला की शनिवारी मी येते तुला न्यायला. मी एकटी. तू खाली फाटकापाशी उभी राहा."

आता या घरात शब्द देणं सोपं, गाडी घेणं अवघड. यजमान एकनाथराव रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले. उभी हयात स्टेशनमास्तरांना सिग्नल शिकवण्यात गेलेली. "आधी बघा, परत बघा, मग हात लावा" हा त्यांचा मंत्र. गॅसचं बटण, दाराची कडी, दुधाचं पातेलं, कशालाही या मंत्राशिवाय हात लावलेला त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "या वयात गाडी? या हैदराबादच्या ट्रॅफिकमधी?" मुलगा शिवराज म्हणाला, "आई, कॅब बोलवत जा ना." सून राणी तेवढी खुश झाली, पण तिला पाहिजे होतं सनरूफ, म्हणजे छताला उघडणारी खिडकी. आणि त्यांच्या ऐपतीत एक तर ऑटोमॅटिक बसत होती, नाही तर सनरूफ. दोन्ही नाही. इंदुताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आठवडाभर दोन्ही वेळेला दुधीभोपळा केला. रविवारी सकाळी ऑटोमॅटिकवर घराचं एकमत झालं.

हैदराबादेत दसऱ्याला गाडी घ्यायला जावं, तर अर्धं शहर आपल्या आधी येऊन उभं असतं. उप्पल रोडवरच्या त्या शोरूमसमोर मांडव घातला होता आणि चकचकीत लाल कापडाखाली गाड्या ओळीने झाकून ठेवल्या होत्या. जो तो नारळ, कोहळा आणि लिंबं घेऊन आपापल्या गाडीपाशी. त्यांचा सेल्समन नरसिंगराव, पन्नाशीचा, पोटावरून टाय घसरलेला, एकाच वेळी पाच घरं सांभाळत होता. "सार, फाइव्ह मिनिट्स. चासी नंबर मिलाके आतूं," म्हणून गाडीचा नंबर जुळवायला जो गेला तो गेलाच.

इकडे एकनाथरावांची नजर घड्याळावर. राहुकाळ लागायच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे, हा त्यांचा हुकूम होता. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा झाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा एक आणि गुडघा दुसऱ्याचा, एवढाच काय तो फरक. "हीच ती," असं म्हणून त्यांनी समोरच्या गाडीवरचं लाल कापड दोन्ही हातांनी असं काही ओढलं, की शोरूमचा व्हिडिओवाला दुसऱ्या कुटुंबाला सोडून धावत यांच्याकडे आला. खालून पांढरी गाडी निघाली. यांची पांढरीच होती. झालं!

इंदुताईंनी हात जोडून डोळे मिटले. आयुष्यभर देवाकडे मुलासाठी मागितलं, नवऱ्यासाठी मागितलं. आज पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी काही मागत होत्या, म्हणून जरा जास्त वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा नारळ फुटला होता, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक उमटलं होतं, आणि नरसिंगराव गाल फुगवून पेढा चावत उभा होता. "चला चला, बसा," एकनाथराव ओरडले. किल्ली गाडीतच होती; शिवराजने गाडी चार लिंबांवरून नेली आणि राहुकाळ लागायच्या ऐन तोंडावर ते फाटकाबाहेर पडले.

रामंतापूरच्या अलीकडेच राणी किंचाळली, "अप्पा! सनरूफ!"

तिने हात वर करून बटण दाबलं आणि डोक्यावर आभाळ उघडलं. राणीला वाटलं, अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गुपचूप आपली हौस पुरवली. अप्पांना वाटलं, दसऱ्याची ऑफर असेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण चांगल्या गोष्टीची चौकशी करू नये अशी आपल्याकडे पद्धत आहे. शिवराजच्या मात्र हबसीगुड्याच्या सिग्नलला लक्षात आलं, की आपण मघापासून क्लच दाबतोय. वर्षानुवर्षं ऑफिसची क्लचवाली गाडी चालवलेली, पाय आपसूक चालत होते. अप्पांनी ऐन वेळी बेत बदलला असेल, आपण कशाला सांगा, म्हणून तो मूग गिळून बसला. आणि इंदुताई मागच्या सीटवर, मांडीवर आरतीचं ताट घेऊन, पुढच्या झेंडूच्या हाराआडून रस्ता बघत होत्या. सुखात होत्या बिचाऱ्या.

संध्याकाळी सगळे चहाला बसले तेव्हा त्या लायसन घेऊन एकट्याच खाली गेल्या. दार उघडलं. सीट पुढे घेतली. आरसा बसवला. उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि डावा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसा, निवांत बाजूला ठेवायला गेल्या. तो कशावर तरी टेकला. इंदुताईंनी वाकून बघितलं. खाली पेडल तीन होती.

त्यांनी एकदा डाव्या पायाने तिसरं पेडल दाबून बघितलं. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट डोळ्यात पाणी घेऊनच थांबली. कळेचं पाणी कुठलं आणि दुःखाचं कुठलं, हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अहो, ही आपली गाडी नाही," त्या वर येऊन म्हणाल्या.

एकनाथरावांनी खाली जाऊन बघितलं, परत बघितलं, आणि वर येऊन खुर्चीत बसले. "शोरूमवाल्यांनी घोळ केला. बेअक्कल लोक. पण इंदू, आता काय करता? पूजा झाली. लिंबं चिरडली. पूजा केलेली गाडी परत करायची म्हंजे लक्ष्मी दारातून परत लावणं आहे."

"लक्ष्मीला क्लच दाबता येतो, मला नाही येत," इंदुताई म्हणाल्या.

"शिवराज चालवंल की. तू म्हणशील तिथं नेईल. नेशील ना रे?"

"हौ, नेईन की," शिवराज म्हणाला. "मला वेळ झाला की."

इंदुताईंनी चमकून मुलाकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही तो काय बोलून गेला ते. पण त्या क्षणी त्यांना आक्काच्या मलकपेठच्या खोलीसारखी आपली खोली दिसली, आपली बाल्कनी दिसली, आणि 'शिवराजला वेळ झाला की' म्हणत बसलेली एक म्हातारी दिसली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. कपाटात दुधीभोपळा नव्हता, नाहीतर त्या रात्री घराची खैर नव्हती.

एवढ्यात एकनाथरावांचा फोन वाजला. नरसिंगराव. त्यांनी नाव बघून कट केला. "आला याचा फोन. दहापैकी दहा मार्क द्या म्हणून मागं लागतंय. गाडी दिली की या सेल्समनांचं हेच असतं. सार, फीडबॅक आला तर टेन बोलो, टेन बोलो." पाच मिनिटांनी परत वाजला. परत कट. झोपायच्या आधी त्यांनी फोन बंदच करून टाकला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी इंदुताईंनी तीनदा म्हटलं, "अहो, शोरूमला फोन लावा." तीनदा उत्तर आलं, "बघू." राणी वर उघडणारी खिडकी उघडझाप करून बघत होती आणि सासूचा चेहरा दिसला की मिटून घेत होती. दुपारी आक्काचा फोन आला.

"इंदे, उद्या कोणती साडी नेसू गं?"

इंदुताईंना सांगायचं होतं, की आक्का, गाडी चुकीची आली. तोंडून निघालं, "ती मोरपंखी नेस."

"तीच काढून ठेवलीय," आक्का म्हणाली. "अनिलला सांगितलं, उद्या मला तुजी गरज नाही म्हणून. लय मज्जा वाटली बघ सांगताना."

फोन ठेवला आणि इंदुताई तशाच बसून राहिल्या. आता आक्काला काय तोंड दाखवायचं? शिवराजला वेळ झाला की येते, असं सांगायचं?

चहाच्या वेळी राणी मोबाइल नाचवत आली. "आई, आपलं रील आलं! शोरूमने टाकलंय. लातूरला, उदगीरला, सगळ्या नातेवाइकांना पाठवलं मी. बघा तरी."

रील म्हणजे अर्ध्या मिनिटाचा सिनेमाच. ढणढण संगीत. एकनाथराव लाल कापड ओढतात ते इतकं हळूहळू, की जणू राज्याभिषेक चाललाय. नारळ फुटतो, त्याचं पाणी थेंबाथेंबाने उडतं. खाली उदगीरच्या दत्तोबादाजींनी लिहिलं होतं, 'अभिनंदन एकनाथा. मागं तो टायवाला माणूस किती खुशीत नाचायलाय. असा स्टाफ पाहिजे.'

"कोण नाचतंय?" इंदुताईंनी विचारलं.

"तो नरसिंगराव. बघा ना, मागे. किती गोड."

इंदुताईंनी चष्मा लावला. मागे खरंच नरसिंगराव होता. दोन्ही हात वर करून तो गाड्यांमधून उड्या मारत येत होता. टाय खांद्यावर उडाला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. इंदुताईंनी राणीकडून परत लावून घेतलं. आणि परत. उभ्या जन्मात त्यांनी लग्नामुंजीत पुष्कळ पुरुष नाचताना बघितले होते. नाचणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. असा चेहरा बस सुटलेल्या माणसाचा असतो.

"राणी, हे अजून हळू होतं का?"

झालं. दोघी डोकं लावून बघू लागल्या. नरसिंगराव येतो. एका हाताने एकनाथरावांसमोरची गाडी दाखवून 'नाही नाही' करतो. दुसऱ्या हाताने शेजारची लाल कापडाखालची गाडी दाखवतो. एकनाथराव मागे वळतात. नरसिंगराव तोंड उघडतो. आणि एकनाथराव, सुहास्य वदनाने, त्या उघड्या तोंडात अख्खा पेढा कोंबतात. त्याच्या मागे इंदुताई, डोळे मिटून, हात जोडून.

राणीने तोंडावर हात ठेवला. आधी ती हसली, मग सासूकडे बघून थांबली, आणि मग सासूच हसायला लागली तशी दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता इंदुताईंचे डोळे भरून आले. "राणी, तुझं सनरूफ जाणार गं," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या आई," राणी म्हणाली. "मला आभाळ बघायचं तर गच्ची आहे."

एकनाथराव वर्तमानपत्र वाचत होते. इंदुताईंनी मोबाइल पत्रावर ठेवला. "बघा. मग परत बघा. हात लावू नका."

त्यांनी बघितलं. परत बघितलं. पेढ्यापाशी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले. साऱ्या दक्षिणेतल्या स्टेशनमास्तरांना सिग्नल शिकवलेला माणूस, आणि समोर लाल कापड असताना, मागून लाल टायवाला माणूस ओरडत असताना, गाडी सोडून मोकळा झालेला.

"हे शोरूमवाल्यांना..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो."

एकनाथराव थांबले. पत्राची घडी घालू लागले. घडी नीट होईना. "काल संध्याकाळीच मला जरा शंका आली होती," ते खाली बघत म्हणाले. "ते दुसरं कापड शेजारीच होतं, आठवायलं. पण म्हटलं, झालं ते बरंच झालं."

"बरं कसं?"

"तू एकटी जाशील. मूसारामबागच्या गर्दीत. बसवाले बघत नाहीत, ऑटोवाले तर डोळे मिटूनच चालवतात. मला भ्या वाटतं इंदू. खरं सांगायलोय. तू गाडी घेऊन गेलीस आणि मी इथं खिडकीत बसलोय, हे मला डोळ्यापुढं आणवत नाही."

इंदुताईंना राग यायचा होता, तो निम्म्या वाटेत अडकला. हा माणूस भितो, हे त्यांना माहीत नव्हतं. पण म्हणून काय झालं? "आणि मी?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागं बसले. तुम्ही बोलता बोलता मागं वळून बघायचे. मला नसंल भ्या वाटलं? मी कधी तुमच्या स्कूटरचं चाक काढून ठेवलं का?"

तेवढ्यात फोन वाजला. नरसिंगराव. एकनाथरावांचा अंगठा सवयीने कट करायला गेला, पण फोन इंदुताईंच्या हातात होता.

"अम्मा!" पलीकडून टाहो आला. "कल से फोन कर रऊं अम्मा! सार उठातेच नई!"

"दहापैकी दहा पाहिजेत का?" इंदुताईंनी विचारलं.

"जीरो दो अम्मा! जीरो दो, लेकिन गाडी दे दो!"

शनिवारी सकाळी शोरूम उघडायच्या आधीच ते फाटकापाशी होते. नरसिंगराव दोन दिवसांत निम्मा झालेला दिसत होता. आत, तशाच पांढऱ्या गाडीला टेकून, स्वच्छ पांढऱ्या कुर्त्यातले एक उंच गृहस्थ उभे होते. हबीबुद्दीन साहेब, मलकपेठचेच. गाडी एकनाथरावांनी पळवली ती त्यांची, आणि मागे उरली ती त्यांच्या गळ्यात पडलेली.

"आदाब भाभी," ते म्हणाले. "दो रोज से मेरा बायाँ पाँव बेरोजगार बैठा है. दबाने कू कुछ मिलताच नई. कल क्लच समझके ब्रेक दबा दिया, बेगम की पान की डिबिया सीधी सामने के काँच पे. अब उनो गाडी में बैठतेच नई बोल रईं."

"मग तुम्ही लगेच मागायची की हो गाडी!" इंदुताई मराठीतच बोलून गेल्या. पण मलकपेठच्या माणसाला त्याचं काही विशेष नव्हतं.

"कैसा मंगते भाभी? नरसिंगराव बोले, उनो पूजा कर लिए. पूजा करे सो चीज वापस मंगना अच्छा नई लगता. बेगम बोली, सबर करो, भले लोगां हैं, मालूम हुआ तो खुद आते."

ज्या पूजेच्या आड एकनाथराव दोन दिवस लपून बसले होते, त्याच पूजेचा मान राखून हा माणूस दोन दिवस लंगड्या सवयीची गाडी चालवत बसला होता. एकनाथरावांनी खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवरचं स्वस्तिक पुसायला गेले.

"रहने दो मियाँ, धुलाई में जाताच है," हबीब साहेब म्हणाले.

एकनाथराव रुमाल हातात घेऊन उभे राहिले. "गलती शोरूम की नहीं थी, साहब," ते म्हणाले. "नरसिंगराव की बी नहीं. मेरी थी. मैंने बघ्या नहीं."

हिंदी आणि मराठीची ती खिचडी ऐकून एरवी इंदुताई हसल्या असत्या. पण या माणसाने 'चूक माझी' म्हटलेलं त्यांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं, तेही भर शोरूममध्ये, चारचौघांत. त्यांना त्याचा एकदम अभिमान वाटला आणि तसं त्याला लगेच कळू द्यायचं नाही असंही वाटलं.

नरसिंगरावने यावेळी दोन्ही गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचून जुळवले. किल्ल्या बदलल्या. राणीने सनरूफमधून एकदा डोकं बाहेर काढून निरोप घेतला, हबीब साहेबांनी तिला आणखी दोन मिनिटं उभं राहू दिलं. इंदुताई आपल्या गाडीत बसल्या. पेडल दोन. डावा पाय त्यांनी अलगद बाजूला ठेवला. तिथं काही नव्हतं. नुसती मोकळी जागा, आणि ती त्यांची होती.

"थांब, राहुकाळ चालू आहे," शिवराज म्हणाला. "शनिवारी साडेदहापर्यंत असतो ना, अप्पा?"

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. इंदुताईंनी घड्याळ बघितलं. "आक्का मघापासनं खाली उभी असंल," त्या म्हणाल्या. तेवढंच.

एकनाथरावांनी हातातल्या पिशवीतून लिंबं काढली. घरून निघताना त्यांनी ती कधी घेतली कुणाला माहीत नव्हतं. भर राहुकाळात, पन्नास माणसांसमोर, ते गुडघ्यावर बसले आणि एकेका चाकाखाली एकेक लिंबू ठेवत गाडीला फेरी मारून आले. मग आपसूक डावीकडच्या दाराशी गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवला.

इंदुताईंनी काच खाली केली. नुसतं बघितलं. एकनाथरावांनी हात काढून घेतला.

"आधी बघ," ते म्हणाले. "परत बघ. मग..."

"मग हात लावीन. तुम्ही पेढा खा."

लिंबं फुटल्याचे चार बारीक आवाज झाले. आरशात त्यांना नरसिंगराव दिसला. या खेपेला मात्र तो खरोखरच नाचत होता.

रामंतापूर गेलं, अंबरपेट गेलं. मूसारामबागला एक ऑटो अगदी अंगावर आला, तेव्हा इंदुताईंनी अस्सल हैदराबादी शिवी दिली. आपल्याला ती येते हे त्यांना तेव्हाच कळलं. मलकपेठला फाटकापाशी आक्का मोरपंखी साडीत, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. गाडी थांबली तरी ती मागच्या रस्त्याकडेच बघत होती. मग तिने काचेतून आत बघितलं, आणि बघतच राहिली.

"बस की," इंदुताई म्हणाल्या.

आक्का सवयीने मागचं दार उघडायला गेली. "पुढं, आक्का. पुढं बस."

ती पुढे बसली. पट्टा कसा लावायचा ते दोघींना मिळून जमलं. "कुठं जायचं?" आक्काने विचारलं.

"तू सांग."

आक्का विचार करू लागली. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, मनापासून विचार करू लागली. सत्तरी आली, पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. जायचं कुठं हे नेहमी दुसऱ्यांचं ठरलेलं असायचं. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. आक्काचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली.

"मला सुचेनाच गं इंदे," ती म्हणाली. "तू आधी नुसती चालव. सुचलं की सांगते."

इंदुताईंनी गाडी काढली. ती रेसकोर्सच्या भिंतीला लागली. मग इंदुताईंचा फोन वाजला. आक्काने तो हातात घेऊन लांब धरला, डोळे बारीक करून नाव वाचलं.

"एकनाथराव हायेत. उचलू का?"

"कट कर," इंदुताई म्हणाल्या. आरसा बघितला, परत बघितला आणि वळण घेतलं. "दहापैकी दहा पाहिजे असतील त्यांना. देऊ घरी गेल्यावर."